गल्ल्यावरचा माणूस

आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांत दारू हा विषय दोनच प्रसंगी निघत असे: एखादे स्थळ नाकारायचे असले म्हणजे, किंवा कोणाच्या अकाली निधनाचे खरे कारण दबक्या आवाजात सांगायचे असले म्हणजे. तेव्हा सभेच्या या पत्रिकेत एका मद्यगृहाच्या इतिहासावर लेख पाहून काही ज्येष्ठ वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की, राज्य शासनाच्या आबकारी खात्यात माझी उभी नोकरी गेली. दारूचा थेंबही न चाखता दारूच्या कागदपत्रांत गळ्यापर्यंत बुडालेली माणसे आमच्या खात्यात पुष्कळ होती. त्यांतलाच मी एक. निवृत्तीनंतर कागद सुटले, पण त्या कागदांनी मनात ठेवलेले काही प्रश्न सुटले नाहीत. त्यांपैकी एकाचा हा विचार आहे.

आरंभ शब्दांपासून करतो. आपल्याकडे दारूच्या दुकानाला ‘ठेका’ म्हणतात. ठेका म्हणजे करार, मक्ता. दक्षिणेकडच्या मराठीत त्याच जागेला ‘गुत्ता’ म्हणतात, आणि गुत्ता याचाही मूळ अर्थ मक्ताच; मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. म्हणजे दोन्हीकडे जागेला नाव मिळाले ते सरकारशी झालेल्या व्यवहारावरून. माळव्यातला त्याहून जुना शब्द ‘कलाली’. हा मात्र माणसावरून आला आहे: कलाल जिथे बसतो ती कलाली. इंग्रजांनी आपल्या मद्यगृहाला नाव दिले ‘पब्लिक हाऊस’, म्हणजे चारचौघांचे घर. त्याचेच पुढे ‘पब’ झाले. आणि घर म्हटले की घरधनी आलाच, म्हणून पब चालवणाऱ्याला ते ‘लँडलॉर्ड’ म्हणतात. गंमत अशी की, हा लँडलॉर्ड बहुधा त्या वास्तूचा मालक नसतो. तो एखाद्या दारूभट्टीच्या कंपनीचा भाडेकरू असतो. तरीही गिऱ्हाइकाच्या लेखी यजमान तोच. तिकडच्या जुन्या परवाना कायद्यांप्रमाणे परवानाधारकाचे नाव दारावर लिहावे लागे, आणि ज्याचे नाव दारावर असे तोच बहुधा आत उभा असे.

ठेका, गुत्ता, कलाली आणि घर. पहिल्या दोन शब्दांत माणूस नाही, शेवटच्या दोहोंत आहे. मद्यगृहाला धनी असण्या-नसण्याने काय फरक पडतो, हा प्रश्न मला नोकरीभर पडत आला. त्याचे थोडेफार उत्तर मिळाले ते समुद्रकाठच्या एका जुन्या जागेत.

निवृत्तीनंतर मुलीकडे मुंबईस गेलो असता जावयांनी मला कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेत नेले. सासऱ्यांना अशा ठिकाणी न्यावे की नाही याचा त्यांनी बराच विचार केला असावा. बसल्याबसल्या त्यांनी माझ्यासाठी लिंबाचे सरबत मागवून टाकले. आजूबाजूला बिअरचे उंच पेले, परदेशी पाहुणे, लाल-पांढऱ्या चौकड्यांची टेबले. खात्याची सवय जात नाही; माझी नजर परवाना, दरफलक आणि बाहेर जाण्याच्या वाटा शोधू लागली. मग ती गल्ल्यावर गेली आणि तिथेच थांबली. तिथून सारे दालन एका दृष्टिक्षेपात येत होते. गल्ल्यावर बसलेल्या गृहस्थांनी तासाभरात पैशाकडे जेवढे पाहिले नसेल तेवढे माणसांकडे पाहिले. कोणाचा आवाज चढू लागला आहे, कोण एकटाच बसला आहे, कोणत्या टेबलापाशी पोऱ्या वेळेत पोहोचला नाही, हे सारे त्या नजरेत नोंदले जात होते. सरबत संपवून बाहेर पडलो ते या जागेचा इतिहास समजून घ्यायचाच, असे ठरवून.

लिओपोल्डची स्थापना १८७१ सालची. कुलाबा हे मूळचे वेगळे बेट. १८३८ मध्ये पुलासारखा रस्ता, म्हणजे कॉजवे, बांधून ते मुंबईस जोडले गेले. आज त्या रस्त्याचे नाव शहीद भगतसिंग मार्ग असले, तरी लोक कॉजवेच म्हणतात. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायतेहून येणाऱ्या बोटींचा रस्ता एकाएकी जवळचा झाला. १८७५ मध्ये ससून गोदी सुरू झाली. गलबते आली की खलाशी आले, आणि खलाशांमागोमाग दारूची दुकाने आली. खलाशांना चांगल्या वस्तीत ठेवता यावे म्हणून जवळच भव्य ‘सेलर्स होम’ बांधले गेले आणि १८७६ मध्ये ते खुले झाले. त्याच इमारतीत आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. ताजमहाल हॉटेल १९०३ चे आणि गेटवे १९२४ चे. म्हणजे ज्या दोन खुणांवरून आपण तो परिसर ओळखतो, त्या दोन्हींपेक्षा हे दुकान वयाने वडील.

दुकान काढणारे इराणी होते. यझ्द आणि केरमान या भागांतील जरथुष्ट्री कुटुंबे एकोणिसाव्या शतकात धर्मछळाला आणि दारिद्र्याला कंटाळून मुंबईची वाट धरत होती. लिओपोल्ड सुरू झाले त्याच सुमारास, १८७०-७२ मध्ये, इराणात भीषण दुष्काळ पडला होता. इराण सोडून आलेल्या माणसांनी मुंबईत दुकान काढावे आणि त्याला बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाचे नाव द्यावे, हे आज विचित्र वाटते. पण ज्याला नव्या गावात पाय रोवायचा आहे तो गिऱ्हाइकाच्या तोंडी बसेल असेच नाव घेतो. मल्हाररावांच्या मागोमाग माळव्यात येऊन इथलेच होऊन गेलेल्या आपल्या पूर्वजांना हे निराळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही जागा जन्माने मद्यगृह नव्हे. आरंभी तिथे खाद्यतेलाचा घाऊक व्यापार चाले. पुढे वेगवेगळ्या काळांत तिथे उपाहारगृह झाले, सामानाचे भांडार झाले, औषधांचेही दुकान झाले; म्हणून तर तिचे पुरे नाव आजही ‘लिओपोल्ड कॅफे अँड स्टोअर्स’ असे आहे. तेल, चहा, औषध, बिअर अशी विक्रीची वस्तू काळाप्रमाणे बदलत गेली. न बदलणारी गोष्ट एकच: गल्ल्यावर घरचे माणूस.

मधल्या काळात मुंबईवर दारूबंदी आली. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण बंदी अंमलात आली. एफ. एन. बलसारा या पारशी गृहस्थांनी या कायद्याला आव्हान दिले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, औषधी व प्रसाधनांतील मद्यार्कासंबंधीच्या तरतुदींसारखी काही कलमे वगळून, कायदा कायम केला. आमच्या खात्यातल्या प्रशिक्षणात हा निवाडा शिकवीत. कायद्याने उघडे दुकान मिटले, पिणे मात्र मिटले नाही. ते गल्लीबोळांतल्या अड्ड्यांवर आणि हातभट्ट्यांवर गेले. जिथे दारावर नाव नाही, दर लिहिलेला नाही, आणि माल कोणी गाळला हे विचारण्याची सोय नाही, अशा जागा शेकड्यांनी उभ्या राहिल्या. वरदराजन मुदलियारसारख्यांचे साम्राज्य याच धंद्यावर पोसले गेले. साठीच्या दशकात बंदी सैल होऊ लागली आणि ‘परमिट रूम’ हा शब्द मुंबईच्या भिंतींवर चढला. तो मूळ अधिनियम मात्र दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. महाराष्ट्रात दारूची विक्री दारूबंदीच्याच कायद्याखाली होते आणि पिणाऱ्याला कायद्याने व्यक्तिगत परवाना लागतो, हे ऐकून बाहेरच्या माणसाला हसू येते. आम्हां खात्यातल्या मंडळींना येत नाही. कायदा आणि व्यवहार यांची अशी जोडपी आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

लिओपोल्डचे नाव पुढे साता समुद्रांपलीकडे गेले ते ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स या ऑस्ट्रेलियन लेखकाच्या २००३ सालच्या ‘शांताराम’ या कादंबरीमुळे. पण त्या जागेची खरी परीक्षा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री झाली. त्या रात्री कटकला भारत आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना चालू होता. साडेनऊच्या सुमारास दोन अतिरेकी दाराशी आले आणि त्यांनी भरल्या दालनात गोळ्या चालवल्या, हातबॉम्ब टाकला. किमान दहा माणसे मारली गेली. त्यांत तिथे काम करणारेही होते. मारेकरी तिथून निघाले ते ताजकडे.

त्या वेळी गल्ला फरहांग आणि फर्जाद जहानी या बंधूंच्या हाती होता. चार दिवसांनी त्यांनी दार उघडले. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा त्यांनी बुजवल्या नाहीत. आजही त्या तशाच दिसतात. ज्या जागेचा ठेका ३१ मार्चला संपणार आहे, तिथल्या मक्तेदाराने अशा वेळी काय केले असते? नुकसानीचा अर्ज केला असता, अनामत परत मागितली असती, आणि त्यात त्याचे काही चुकले, असेही कोणी म्हटले नसते. असे शेकडो अर्ज माझ्या हातांखालून गेले आहेत. जहानी बंधूंनी सांडलेले रक्त पुसून दार उघडले, कारण ते त्यांचे घर होते. घरात मृत्यू झाला म्हणून कोणी घर टाकून जात नाही.

आता माळव्याकडे वळतो, कारण हा प्रश्न माझ्यापुरता सुरू झाला तो कुलाब्याला नव्हे, इथेच, आणि खात्यात लागण्याच्याही आधी.

माझे एक मामा कापडगिरणीत कारकून होते. पेटी उत्तम वाजवीत. गणेशोत्सवात रामबागेतल्या मेळ्यांची साथ त्यांच्याशिवाय होत नसे. त्यांना पिण्याचे व्यसन होते. माझ्या लहानपणी, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत, ते ज्या कलालीत जात तिथे एक वृद्ध गृहस्थ गल्ल्यावर बसत. दुकान त्यांच्या वडिलांच्या वेळचे. मामांना बोलवायला मामी मला पाठवीत. मी पायरीशी उभा राहिलो की ते वृद्ध मला आत येऊ देत नसत, स्वतः वळून म्हणत, “बाबूजी, अब घर जाइए, बाई राह देख रही होंगी.” त्यानंतर त्या दुकानात मामांना पेला मिळत नसे. मामा चिडत, हिशेब मागत, दुसरे दुकान धरण्याची धमकी देत, आणि उठत. पावसात त्यांनी एकदोनदा टांगाही करून दिल्याचे मला आठवते.

मामींचे त्या वृद्धांविषयीचे मत मुळीच चांगले नव्हते. “तिसरा पेला नाकारतो म्हणून त्याचे गुण गायचे का? पहिले दोन तोच देतो ना!” असे त्या म्हणत. त्यांच्या पाटल्या कोणत्या वाटेने गेल्या, हे त्यांना ठाऊक होते. मामींच्या या वाक्याला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते; छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतरही नाही. दारू विकणारा कितीही भला असला तरी त्याची भाकरी दुसऱ्याच्या घरातून येते, हे त्या वाक्यातले सत्य मी नाकारणार नाही.

पुढे ते वृद्ध वारले. दुकानाचा ठेका लिलावात परक्या मंडळींकडे गेला. गल्ल्यापुढे लोखंडी जाळी आली. जाळीच्या आत पगारी पोरे बसू लागली. तीही दर काही महिन्यांनी बदलत. फलकावर परवानाधारकाचे नाव होते, नियमाप्रमाणे मोठ्या अक्षरांत होते, पण त्या नावाचा माणूस त्या मोहल्ल्यात कोणी कधी पाहिला नव्हता. मामा आता कितीही वेळा जाळीत हात घालू शकत होते, आणि प्रत्येक वेळी हातात काहीतरी येत होते. माझ्या महाविद्यालयाच्या काळात, जानेवारीतल्या एका पहाटे, ते शेजारच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या स्थितीत गार झालेले सापडले. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा जाळीआडचा मुलगा म्हणाला, “हम तो नौकर हैं, साब.” तो खरेच बोलत होता. रागवावे असे तिथे कोणी नव्हतेच.

तेराव्याचे सारे आटोपल्यावर मामी एकदाच म्हणाल्या, “तो म्हातारा असता तर…” आणि वाक्य अर्धेच टाकून उठल्या. पाटल्या विसरणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. म्हणूनच ते अर्धे वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

पुढे त्याच खात्यात नोकरी लागली. ग्वाल्हेरच्या मोतीमहालातील आयुक्तालयातून दर वर्षी नवे धोरण येई. कधी लिलाव, कधी निविदा, कधी चिठ्ठी, कधी मागच्या रकमेवर ठरावीक टक्के वाढवून नूतनीकरण. पद्धती बदलल्या, पण वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपे. ज्याला बारा महिन्यांत रक्कम वसूल करायची आहे त्याने तिसरा पेला नाकारावा, अशी अपेक्षा कोणत्या हिशेबाने करावी? शासनाला महसूल हवा आणि त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने चालतात, हे मी जाणतो. माझे निवृत्तिवेतनही त्याच तिजोरीतून येते. पण या रचनेत पिणाऱ्याकडे पाहणारे डोळे कोणाचेच उरले नाहीत, हेही तितकेच खरे.

अलीकडे शासनाने काही पावले उचलली. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशातील दुकानांना जोडलेले अहाते बंद झाले. दुकानात फक्त विक्री, बसून पिणे नाही. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दी वर्षात, २४ जानेवारी २०२५ रोजी, महेश्वरला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि १ एप्रिलपासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसह १९ धर्मस्थळांच्या हद्दीत दारूविक्री थांबली. अहिल्यादेवींच्या नगरीत ठेका नसावा, याचा आनंद कोणत्या इंदूरकराला होणार नाही? अहाते मिटले याचेही त्या मोहल्ल्यांतल्या बायकांनी स्वागतच केले, आणि ते योग्यच होते. तिथल्या धिंगाण्याच्या तक्रारी मी स्वतः वाचल्या आहेत. पण पिणारा अहात्यातून उठला तो घरी गेला की गाडीत, नाल्याकाठी, अंधाऱ्या मैदानात गेला, हे संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या कोणालाही दिसते. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये उज्जैनला विषारी दारूने डझनाहून अधिक माणसे गेली, जानेवारी २०२१ मध्ये मुरैन्यात वीसहून अधिक. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले. त्यांना ती बाटली देणाऱ्याचे नाव कोणत्याही दारावर लिहिलेले नव्हते.

लिओपोल्डचे उदाहरण मोठ्या लोकांचे आहे, तिथल्या एका बिअरच्या किमतीत मजुराचा दिवस जातो, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो बरोबर आहे. म्हणूनच मी त्याच्या शेजारी त्या कलालीतल्या वृद्धांना बसवले. एकाकडे काचेचे पेले आणि जगभरचे पाहुणे, दुसऱ्याकडे मातीची जमीन आणि गिरणीतले कारकून. पण दोघांचे आसन एकच होते, आणि दोघांनाही दुसऱ्या दिवशी त्याच गल्ल्यावर, त्याच माणसांसमोर बसायचे होते. लाज आणि जबाबदारी या गोष्टी उद्या पुन्हा तोंड दाखवायचे असते तिथेच राहतात. दारू राहावी की जावी, हा वाद मोठ्यांनी करावा. ती आहे तोवर ती कोणाच्या हातून दिली जाते, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुकानाच्या तपासणीसाठी आमच्या खात्याचा एक छापील नमुना असे. साठा किती, सीलबंद आहे की नाही, दरफलक लावला आहे काय, परवान्याची प्रत दर्शनी भागात आहे काय, असे रकाने मी हजारदा भरले असतील. त्यात एक रकाना वाढवावा, अशी टिप्पणी निवृत्तीपूर्वी मी वर पाठवली होती: आज गल्ल्यावर कोण बसले आहे, आणि ते येथे किती वर्षे बसत आहेत. टिप्पणी नस्तीला लागली. नमुना, माझ्या माहितीप्रमाणे, होता तसाच आहे.